कॅरम स्पर्धेची प्रवेश फी कशी ठरवावी?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपासून खानापूर, निपाणीपर्यंत मंडळांच्या कॅरम स्पर्धांची फी बहुतेक वेळा एकाच रीतीने ठरते: शेजारच्या मंडळाने गेल्या वर्षी किती घेतली ते बघायचं आणि पन्नास रुपये वर चढवायचे. दुसरी रीत याहून वाईट. आधी पत्रकावर ‘प्रथम बक्षीस 11,111’ छापायचं आणि मग तेवढे पैसे उभे राहतील अशी फी लावायची. दोन्हींत हौशी खेळाडू भरडला जातो. फी खर्चावरून काढावी आणि तिच्या बदल्यात प्रत्येकाला किमान दोन सामने खेळायला मिळावेत. खालचे दर नमुन्याचे आहेत. तिथे तुमच्या गावचे दर घाला.

आधी दिवसाचं वेळापत्रक

किती खेळाडू घ्यायचे हे टेबलांवर अवलंबून असतं. नियमाप्रमाणे एकेरीचा एक गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा असतो (बोर्ड म्हणजे सोंगट्या मांडल्यापासून एकाच्या संपेपर्यंतचा डाव) आणि सामना तीन गेमचा. हौशी स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या एकाच गेमच्या ठेवाव्यात. अशा सामन्याला 35 मिनिटं धरा, तीन गेमच्या सामन्याला 75.

चार टेबलं आणि 32 खेळाडू असतील तर पहिल्या फेरीचे 16 सामने चार पाळ्यांत होतात, म्हणजे 140 मिनिटं. दुसरी फेरी 70 मिनिटं. उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम (तिसऱ्या क्रमांकाचा सामना अंतिमसोबतच) प्रत्येकी 75. एकूण सव्वासात तास. सकाळी नऊला सुरुवात केली, तर जेवण आणि खोळंबा धरून संध्याकाळी सहाला बक्षीस समारंभ होतो. त्याच चार टेबलांवर 64 जण घेतले तर तिसरी फेरीही एकाच गेमची ठेवून जवळपास बारा तास लागतात. रात्री नऊनंतर अंतिम सामना, रिकामं सभागृह, चंदगडची शेवटची गाडी चुकलेली, हे टाळायचं असेल तर फी गोळा होण्याच्या मोहापायी नावं वाढवू नका.

खर्च दोन वह्यांत

पहिल्या वहीत खेळाडू कितीही आले तरी होणारा खर्च लिहा: सभागृह 1,500, टेबलं आणण्या-नेण्याचा टेम्पो आणि दिव्यांची जोडणी 900, चार पंचांचं मानधन 1,600, चषक 1,600, फलक आणि ड्रॉचे (कोण कोणाशी खेळणार त्याचे) कागद 500, जनरेटर 900. बेरीज 7,000. त्यावर दहा टक्के अडीअडचणीचे धरा, म्हणजे 7,700. दुसऱ्या वहीत माणशी खर्च: दोन वेळा चहा 20, नाश्ता 35, पाणी आणि प्रमाणपत्र 15. एकूण 70.

दिव्यांचा खर्च पावसाळ्यात कापू नका. खानापूरच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की प्लायवूड दमट होतं, बोरिक पावडरच्या गाठी होतात आणि सोंगटी अर्ध्या वाटेत थांबते. टेबलावर छत्रीवाला साधा 100 वॅटचा पिवळा बल्ब टांगून सामन्याच्या तासभर आधी लावला की पृष्ठभाग कोरडा राहतो. एलईडी दिवा वीज वाचवतो, पण त्याची ऊब टेबलापर्यंत पोचत नाही. पावडर चाळून घ्या आणि सोंगट्यांचा एक जादा संच जवळ ठेवा. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि राणी अशा एकोणीस सोंगट्यांतली एक जरी कडेला तुटली तरी ते टेबल बंद पडतं. वीज गेली तर पंधरा मिनिटांत जनरेटर सुरू झाला पाहिजे, कारण एक पाळी हुकली की पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं.

भागाकार आशेच्या आकड्याने करू नका

जागा 32 असल्या तरी हिशेब 24 खेळाडूंवर करा. लग्नसराई, पाऊस, त्याच रविवारी दुसरीकडे लागलेली स्पर्धा, काहीही आडवं येतं. 7,700 ला 24 ने भागलं की 321 होतात. त्यात 70 मिळवले की 391. एवढी फी कॉलेजच्या पोराला परवडत नाही. इथे देणगीदार हवा. गल्लीतल्या दुकानदाराने 3,000 हातात दिले असतील (शब्द दिलेला मोजू नका), तर उरलेल्या 4,700 ला 24 ने भागून 196 येतात, अधिक 70, म्हणजे 266. फी 250 ठेवा.

आता ती उलट तपासा. 24 जण आले तर फीचे 6,000 आणि देणगीचे 3,000 मिळून 9,000 जमतात. खर्च 7,700 आणि माणशी खर्चाचे 1,680, असे 9,380. तूट 380, ती अडीअडचणीच्या 700 मधून भागते. ती रक्कम लागलीच नाही तर 23 खेळाडूंवरही खर्च निघतो. पूर्ण 32 आले तर 1,060 शिल्लक राहतात. शिलकीचं काय करणार हे पत्रकावरच लिहा, उदाहरणार्थ ‘शिल्लक रक्कम पुढच्या वर्षीच्या टेबलासाठी’. लोक त्यावर नंतर बोट ठेवत नाहीत.

250 रुपयांत किती खेळ?

बाद पद्धतीत 32 पैकी 16 जण एकच सामना खेळून घरी जातात. निपाणीहून सकाळी सहाला निघालेला माणूस 35 मिनिटांत मोकळा होतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही. फी कमी करूनही ही नाराजी जात नाही. दुसरा सामना दिला तर जाते.

पहिल्या फेरीत हरलेल्या सोळांची वेगळी स्पर्धा लावा, चार बोर्डांच्या छोट्या गेमची, वीस मिनिटांत संपणारी. मुख्य स्पर्धा उपांत्य फेरीला आली की दोन टेबलं आणि दोन पंच रिकामे असतात. त्या दोन टेबलांवर हे 15 सामने 160 मिनिटांत होतात. खर्च फक्त एका जादा चषकाचा. गैरसोय एकच, हरलेल्याला दुपारपर्यंत थांबावं लागतं. म्हणून ज्यांना थांबायचं नाही त्यांची नावं सकाळीच काढून घ्या.

पहिल्या फेरीत हरल्यावर पुन्हा फी भरून ड्रॉमध्ये शिरू देण्याची ‘रिएंट्री’ अजिबात ठेवू नका. ज्याच्या खिशात पैसे त्याला दोन संधी, बाकीच्यांना एक, असं त्यातून होतं.

सवलती आणि बक्षिसं

शाळकरी मुलांना 100 रुपये ठीक, त्याहून खाली येऊ नका. माणशी 70 तर जातातच. आठ मुलं घेतलीत तर 1,200 कमी पडतील. ते कुठून येणार हे आधी ठरवा, मोठ्यांच्या फीवर गुपचूप टाकू नका. बाहेरगावच्यांना जास्त फी लावणं अन्यायाचं आहे, कारण ते प्रवासखर्च आधीच करून आलेले असतात. जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे खानापूरहून येणाऱ्या मुलीला कर्नाटकाच्या साध्या बसचं तिकीट पडत नाही, महाराष्ट्रातल्या चंदगडहून येणारीला पडतं. दोघींची फी सारखीच ठेवा आणि लांबच्यांचा पहिला सामना दहानंतर लावा.

रोख बक्षीस फक्त देणगीतून द्या आणि ती रक्कम हातात आल्यावरच जाहीर करा. फीतून बक्षीस द्यायचं ठरलं, तर फीतला किती वाटा तिकडे जातो ते लिहा. बाजूला उभं राहून सामन्यांवर पैसे लावणारे दिसले तर लगेच बाहेर काढा, नाहीतर मंडळाचं नाव जातं. मोबाइलवरच्या खेळाची स्पर्धा घेणार असाल तर हा हिशेब तसाच उचलू नका. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ई-स्पोर्ट्सचे नियम वेगळे आहेत.

पत्रक आणि पावती

दुहेरीची फी ‘जोडीला 400’ की ‘प्रत्येकी 200’, हे मराठी आणि कन्नड दोन्हींत स्पष्ट लिहा. सर्वाधिक भांडणं याच ओळीवरून होतात. शनिवारी रात्री आठला नावं बंद, नंतर ड्रॉ. ड्रॉआधी नाव मागे घेतलं तर पूर्ण पैसे परत. ड्रॉनंतर नाही, कारण ती जागा भरता येत नाही आणि समोरच्याला बाय मिळतो, म्हणजे तो न खेळताच पुढच्या फेरीत जातो. स्पर्धा मंडळाने रद्द केली तर सगळ्यांचे पैसे तीन दिवसांत परत.

फी यूपीआयने आली तरी नाव, रक्कम आणि तारीख वहीत उतरवा आणि पावती द्या. जमाखर्चाचा कागद बक्षीस समारंभाआधी सभागृहाच्या दाराला चिकटवा, लोक निघून जाण्याच्या आत.