भाड्याच्या खोलीत ओल येतेय? सांगलीकरांनो, नुसतं सहन करू नका

2019 च्या पुरात माझ्या खोलीत छातीएवढं पाणी होतं, नंतर कॉटमागच्या गिलाव्याला बोट लावलं की बिस्किटासारखा ढासळायचा आणि मालक म्हणायचे उन्हाळ्यात वाळंल की, दोन उन्हाळे गेले तरी काय वाळलं नाही.

म्हणून खोली बघायला जाल तेव्हा कपाट सरकवून मागची भिंत बघाच, आणि खालच्या चार फुटालाच ताजा रंग दिसला तर समजून जा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी मालकाची. भाड्याची पावतीही मागा, लाजू नका.

आता दुरुस्तीचं. तोंडी सांगणं पहिलं बंद करा. तारखेसकट फोटो काढा, मग लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. 15 दिवसांत मालक हलला नाही तर याच कायद्याच्या कलम 14 खाली भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच, आणि गवंड्याचं बिल पाहिजे. मात्र 11 महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे खोली वापरायची नुसती परवानगी देणारा करार) असेल तर तुम्ही कायद्यानं भाडेकरू नाही, मग दुरुस्तीची अट अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्या (इथंच बरेच जण फसतात, मी पण फसलो).

आणि रागानं मालकानं पाणी किंवा लाईट तोडली तर कलम 29 आहे, कोर्टात अर्ज करता येतो.