चॅनेल काढायचंय? आधी दोनशे पानी वही घ्या

मी इचलकरंजीत ब्लाउज शिकवते. २०११ पासून घरातल्या पुढच्या खोलीत क्लास, आणि २०१९ पासून यूट्यूबवर. गेल्या दोन वर्षांत माझ्याच विद्यार्थिनी विचारायला लागल्यात, "मॅडम, आम्हालाही चॅनेल काढायचंय, माणसं जोडायची कशी?" कुणी पापड-कुरडया विकते, कुणी मेंदी काढते, एक जण क्रोशाची तोरणं करते. फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून काढते. माझं सगळं ब्लाउजचं आहे. तुमच्या कामाचं माप तुमचं तुम्ही घ्या.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसाठी व्हिडिओ करायचे. अनारकली, परकर-पोलका, पडदे, जुन्या साडीची गोधडी, जे दुसऱ्या चॅनेलवर चाललंय ते. दहा महिन्यांत ५९ व्हिडिओ झाले आणि सबस्क्राइबर चारशेच्या आत. त्यातले निम्मे माझ्या माहेरचे.

मग क्लासला एक ताई आल्या, जवळच्याच खेड्यातल्या. फॉल-पिको एकदम नीट, साधे सुती ब्लाउजही शिवायच्या. पण कुणी रेशमी पीस आणून दिला की "मशीन बिघडलंय" म्हणून परत पाठवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा असतोय मॅडम, कात्री चुकली तर दुसरा आणू कुठनं?"

पुढचे सगळे व्हिडिओ मी या एका बाईसाठी केले.

तुम्हीही तुमची ती एक बाई शोधा. तिचं वय, जिल्हा, उत्पन्न असले तक्ते भरत बसू नका. तिला कशाची भीती वाटते आणि ती लपवायला ती कोणती सबब सांगते, एवढं कळलं की पुरे. माझ्या बाईची सबब होती "मशीन बिघडलंय". कुरडया विकणारीच्या गिऱ्हाईकाची असेल "आमच्याकडे गच्ची नाही". ती सबब ज्या बाईच्या तोंडी आहे, तिच्याशी बोलायचं. बाकीच्या आल्या तर आल्या.

वहीचे सहा रकाने

आता वही. मोबाइलमधली नको, कागदाचीच. माझी सध्या चौथी चालू आहे. त्यात सहा रकाने: तारीख, नाव, गाव, प्रश्न (तिच्याच शब्दांत), मी काय सांगितलं, आणि शेवटी "जमलं का?"

पहिले पाच कुणीही भरेल. सहावा भरायचा तर आपण उलट विचारावं लागतं. आठ-दहा दिवसांनी मी एका ओळीचा मेसेज टाकते, "ताई, त्या गळ्याचं काय झालं?" बाई चकित होते. तिला वाटलेलं असतं की एवढ्या मोठ्या चॅनेलवाल्या मॅडमना माझं काय लक्षात राहणार. (चॅनेल तेव्हा मोठं नव्हतंच, पण समोरून तसं वाटतं.) दहातल्या पाच-सहा जणी फोटो पाठवतात. एक-दोघी फोनच करतात आणि ब्लाउज सोडून सासूबाईंच्या गुडघेदुखीवर येतात. तेही ऐकावं लागतं, त्याला इलाज नाही. पण अशी चौकशी झालेली बाई सहसा सोडून जात नाही, आणि जावेला, नणंदेला घेऊन येते.

व्हिडिओचे विषयही या वहीतूनच निघतात. २०२१ च्या लग्नसराईच्या तोंडावर एकच प्रश्न तीन आठवड्यांत अकरा जणींनी विचारला. "बगलेत गोळा होतोय." "पुढून काखेजवळ चुणी पडते." "हात खाली घेतला की झोळ येतो." यांतली एकही "आर्महोल" (मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो काखेजवळचा गोलवा) म्हणाली नव्हती. म्हणून मी व्हिडिओचं नाव ठेवलं, "ब्लाउजला काखेजवळ झोळ येतो? मुंढा असा कापा." माणूस ज्या शब्दांत कुरकुरतो त्याच शब्दांत शोधतो, आणि ते शब्द वहीत आयते असतात.

हा व्हिडिओ कसा केला ते सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे याच साच्यातले आहेत. "नमस्कार मैत्रिणींनो, स्वागत आहे, लाइक करा, घंटी दाबा" यातलं काही नाही. पहिल्याच क्षणाला बिघडलेला ब्लाउज घातलेली विद्यार्थिनी, तिचा हात वर-खाली, आणि झोळावर माझं बोट. बघणारी बाई कापड अंथरून, हातात कात्री घेऊन बसलेली असते. तिला आपलं स्वागत नको असतं, "हो, अगदी हेच होतंय माझं" एवढं दिसायला हवं असतं. मग मागच्या भागाचं पेपर कटिंग पुढच्या भागावर ठेवून दाखवलं की पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कापायचा असतो. बऱ्याच जणी दोन्ही कापडं एकावर एक ठेवून एकदमच कापतात, मग उरलेलं जादा कापड जातं कुठे? काखेत. खडूने दोन रेघा मारल्या, दोन्हींतलं अंतर टेपने मोजून दाखवलं. शेवटी त्याच मुलीच्या अंगावर दुरुस्त ब्लाउज. नऊ मिनिटं.

पहिल्या आठवड्यात तो जेमतेम १४० वेळा पाहिला गेला. पण मी अकरा जणींना लिंक एकेकीला पाठवली, नाव घालून: "तुमच्या प्रश्नावर केलाय." त्यांनी पुढे पाठवला. नवीन बाया आजही सगळ्यात जास्त त्याच व्हिडिओवरून येतात.

वेळेबद्दल थोडक्यात. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक नावाचा भाग आहे, तिथे तुमचे लोक यूट्यूबवर केव्हा असतात ते दिसतं. माझ्या बाया दुपारी अडीचला असतात: भांडी झालेली, मुलं अजून शाळेत. म्हणून माझा व्हिडिओ बुधवारी अडीचला, दिवाळीचा आठवडा सोडून. त्याच भागात परत येणारे प्रेक्षक किती तेही दाखवतात. मी बघते तो आकडा हाच. कैची भेट देण्याची स्पर्धा मी एकदा घेऊन बघितली. एका आठवड्यात तीन हजार नवे आले, पण परत येणाऱ्यांची रेघ जिथल्या तिथे. त्यांना कैची हवी होती, ब्लाउज नव्हता.

आणि आवाज. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसभर खटखट. सुरुवातीला मी उशा लावल्या, खिडकीला गोधडी टांगली, रात्री अकराला शूट केलं. शेवटी कॉलरचा माइक घेतला आणि नाद सोडला. आता एखाद्या व्हिडिओत माग बंद असले की कुणीतरी लिहितंच, "आज माग ऐकू आले नाहीत, चुकल्यासारखं वाटलं." तुमच्या घरातला असा काही आवाज, एखादी खोड असेल तर तिला फार झाकू नका.

व्हॉट्सॲप: इथे जपून

२९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ ॲप्स बंद झाली. आमच्या गल्लीतली एक मुलगी लावणी करायची, लाखावर फॉलोअर. रात्रीतून सगळं गेलं. त्यातल्या एकाचाही नंबर तिच्याकडे नव्हता. इन्स्टाग्रामवर शून्यापासून सुरुवात केली, तेव्हा जुन्यांतले थोडेच सापडले. म्हणून माझ्या वहीत नावाखाली नंबरही असतो. यूट्यूब ही भाड्याची खोली, कधीही सोडावी लागेल.

मी आधी व्हॉट्सॲपचा ग्रुप केला आणि चूक केली. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. १८० बायका होत्या, आणि कुणाच्या तरी नावाने एक पुरुष आत शिरला. दोघीतिघींना रात्री मेसेज गेले. एका ताईंच्या घरी यावरून इतकं रामायण झालं की त्यांचं शिवणकामच बंद व्हायची वेळ आली. मी त्यांच्या घरी फोन करून माफी मागितली आणि संध्याकाळपर्यंत ग्रुप बंद केला.

मग ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकीला वेगवेगळा जाणारी यादी. यात एकीला दुसरी दिसत नाही. एका यादीत २५६ जणी मावतात, पण मेसेज तिलाच पोहोचतो जिने तुमचा नंबर सेव्ह केलाय. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि त्या म्हणत बसतात, "मी पाठवते, कुणी बघतच नाही." नुसतं "सेव्ह करा" म्हटल्याने कुणी करत नाही. मी सांगते, "नंबर 'ब्लाउज मॅडम' म्हणून सेव्ह करा आणि मला तुमचं छातीचं माप पाठवा, त्या मापाचा तक्ता मी पाठवते." तक्ता हवा असतो, म्हणून सेव्ह होतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपची चॅनेल आली. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकींना दिसत नाहीत, म्हणून संकोच असणाऱ्या तिकडे गेल्या. पण तिथे त्या उलट बोलू शकत नाहीत, म्हणजे वहीचा सहावा रकाना रिकामाच. सूचना द्यायला चॅनेल आणि बोलायला ब्रॉडकास्ट, असं मी वाटून घेतलंय.

दर शनिवारी मी कुणा एकीने शिवलेला ब्लाउज दाखवते. चेहरा कापून, आणि दर वेळी नव्याने विचारून. मागच्या वेळी हो म्हणाली म्हणजे या वेळीही हो, असं धरायचं नाही.

चूक झाली की

२०२२ मध्ये मी ३८ मापाच्या कटोरी ब्लाउजच्या तक्त्यात कटोरीची (छातीवरच्या वाटीसारख्या तुकड्याची) रुंदी अर्धा इंच कमी लिहिली. चार दिवसांनी लातूरच्या एका ताईंनी लिहिलं, "मॅडम, हूकच लागत नाहीत." पोटात गोळा आला. यूट्यूबवर व्हिडिओ एकदा चढवला की त्याच जागी दुसरा ठेवता येत नाही, फक्त मधला भाग कापता येतो. मी तक्त्याचा भाग कापला, चूक काय होती ते वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिलं, तीच ओळ कमेंटमध्ये टाकून वर पिन केली आणि नवीन व्हिडिओ केला. मग वही काढून "३८" शोधलं. चौदा नावं सापडली, चौदा फोन केले.

दोघींनी रेशमी पीस कापून टाकले होते. साडीतलाच पीस, तसा दुसरा मिळत नाही. त्यांना व्हिडिओ कॉलवर बसवून साडीचं आतलं टोक, जे कमरेत खोचलं जातं, त्यातलं वीतभर कापड काढायला लावलं आणि त्यातून कटोऱ्या नव्याने कापून घेतल्या. दोन दुपारी गेल्या. मला वाटलं होतं, या दोघी आता कायमच्या गेल्या. उलट पुढे मी टायफॉइडने आडवी होते तेव्हा कमेंटमध्ये माझ्या जागी याच दोघी उत्तरं देत होत्या, आणि बरोबर देत होत्या.

पैशाचं लवकर आटपते. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं जावं लागतं. १० डॉलर जमले की पत्ता तपासायचा गूगलचा पिन नंबर पोस्टाने घरी येतो. आमच्या पोस्टमनला तो परदेशातून आलेला वाटला, त्याने सही घेतली. पैसे मात्र १०० डॉलर झाल्यावरच निघतात. माझं घर त्यावर चालत नाही. चालतं ते ४५० रुपयांच्या महिन्याच्या ऑनलाइन क्लासवर, आणि त्यात येणाऱ्या बहुतेक जणी वहीतल्याच.

जाहिराती मागायला लोक येतील. एका मशीनवाल्यांनी मला फुकट मशीन देऊ केलं, अट एकच, त्याच आठवड्यात कौतुक करायचं. मी दोन महिने वापरायला मागितले, ते गप्प झाले. घेतलीच जाहिरात, तर "जाहिरात" असं मराठीत, ठळक लिहा. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम आहे, आणि तो फुकट मिळालेल्या वस्तूलाही लागतो.

आज सकाळी बेळगावहून एका ताईंनी विचारलंय: अस्तर न भिजवता ब्लाउज शिवला, पहिल्या धुण्यात अस्तर आखडलं आणि वरचं कापड फुगलं, आता काय? या महिन्यातला सहावा तसाच प्रश्न. त्यांना बाजूची शिलाई उसवायला सांगितलंय आणि वहीत पाच रकाने भरलेत. दोन मीटर सुती अस्तर टेपने मोजून मी आत्ताच बादलीत टाकलं. उद्या वाळल्यावर परत टेप लावून किती आटलं ते कॅमेऱ्यासमोर दाखवायचंय. बाहेर मात्र सकाळपासून पावसाची झड लागलीय. दुपारपर्यंत वाळलं नाही, तर या बुधवारी पहिल्यांदाच अडीचचे चार होतील, आणि ते आत्ताच कळवून ठेवायला हवं.