मरीन ड्राइव्हवर फोटो काढताना

मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे संध्याकाळी घरच्यांना कठड्यावर बसवून मागे समुद्र घेऊन फोटो काढला की सूर्य झकास येतो आणि माणसं कोळशासारखी काळी. यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवायची. आकाश फिकं पडेल, पडू दे. आजीचा चेहरा महत्त्वाचा.

त्याहून बरं म्हणजे उलटं उभं राहा. तुमची पाठ समुद्राकडे, त्यांचं तोंड सूर्याकडे. मावळतीचं पिवळं ऊन चेहऱ्यांवर पडतं, मागे जुन्या इमारतींची रांग येते. फक्त पोरं डोळे मिचकावतात, म्हणून ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत डोळे मिटून ठेवायला सांगा.

सूर्य बुडाला की लगेच निघू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटं आकाश निळं असतं आणि दिव्यांची माळ पेटलेली असते. तेव्हा उजेड कमी, हात हलतो. मोबाइल कठड्यावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. आणि हो, एसी लोकलमधून उतरल्या उतरल्या लेन्स पुसून घ्या, दमट हवेत तिच्यावर वाफ धरते.