कवळीपूर्वी तोंडाची तयारी : तज्ज्ञांनी एकत्र काम कसे करावे

पहिला दात काढण्यापूर्वीच कवळीचा आराखडा ठरलेला असावा, आणि तो कवळी बसवणाऱ्या प्रोस्थोडॉन्टिस्टने इतरांशी बोलून ठरवावा. आधी सगळे दात काढायचे आणि मग रुग्णाला पुढे पाठवायचे, हा क्रम सोयीचा वाटतो. पण त्यात दात गेल्यामुळे विनाकारण झिजलेले हाड परत मिळत नाही.

सुरुवातीला ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे) काढावा आणि दोन्ही जबड्यांचे साचे सर्वांनी एकत्र पाहावेत. मधुमेह व रक्त पातळ करणारी औषधे यांची नोंद सगळ्यांकडे असावी. हाडांच्या ठिसूळपणासाठी रुग्ण बिस्फॉस्फोनेट घेत असल्यास शल्यचिकित्सकाला ते आधीच कळायला हवे, कारण अशा रुग्णात दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो.

कोणता दात वाचवायचा, हा माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णय आहे. खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा बरेच जास्त झिजते. म्हणून खालचे सुळे सहजासहजी काढू नयेत. पेरिओडॉन्टिस्टने (हिरड्यांच्या तज्ज्ञाने) मुळाला हाडाचा पुरेसा आधार असल्याचे सांगितले, तर एंडोडॉन्टिस्टने (दाताच्या आतील नसेवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) रूट कॅनाल करावे आणि मग दात हिरडीच्या किंचित वर घुमटाकार घासून त्यावर कवळी बसवावी. मूळ जागेवर असेपर्यंत त्याभोवतीचे हाड बऱ्याच अंशी टिकते.

हाडाचे टोकदार उंचवटे घासायचे असतील, तर ते आधी साच्यावर घासून दंततंत्रज्ञाकडून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा टेम्प्लेट (घासलेल्या साच्यावर बेतलेला नमुना) करून घ्यावा. शस्त्रक्रियेच्या वेळी तो दाबून धरल्यावर हिरडी जिथे पांढरी पडते, तिथे हाड अजून घासायचे आहे हे शल्यचिकित्सकाला नेमके दिसते.

जुन्या कवळीखाली टाळू लाल झालेला असेल, तर बुरशीचा उपचार करून आणि कवळी रात्री काढून ठेवायला सांगून, ऊती पूर्ववत झाल्यावरच माप घ्यावे.

दात काढल्यावर कवळीचे माप घेण्यापूर्वी साधारण 6 ते 8 आठवडे थांबावे. रुग्णाला बिनदाती राहणे शक्य नसल्यास मागचे दात आधी काढून, पुढचे दात काढताच तयार कवळी बसवता येते. मात्र त्यानंतरही काही महिने हाड आकसत राहत असल्याने कवळीचे रिलायनिंग (हिरडीला टेकणारी आतली बाजू पुन्हा भरून नीट बसवणे) कोण व केव्हा करणार, हे आराखड्यातच लिहून रुग्णाला सांगावे.