खालून दुसरी ओळ आधी: बाथरूमच्या टाईल्स पाणसळीत कशा बसवाव्यात

बाथरूमच्या भिंतीला टाईल्स लावताना पहिली ओळ जमिनीवर टेकवून सुरुवात केली, की वाकडेपणा तिथेच ठरतो. कारण जमीन सपाट नसते, आणि नसावीच. पाणी जाळीकडे जायला साधारण ८० ला १ असा उतार दिलेला असतो, म्हणजे सहा फुटांत जवळजवळ २३ मिलिमीटर. त्या उतारावर उभी केलेली ओळ तितकीच कलते आणि कोपऱ्यात दोन भिंतींच्या सांध्यांची गाठ पडत नाही.

म्हणून आधी खालून दुसरी ओळ लावायची. टाईल १ बाय २ फुटांची (३०० × ६०० मिमी) आडवी लावायची आहे असे धरू. फरशी झाल्यावर जमिनीचा सर्वांत खालचा बिंदू जिथे येईल, तिथून ३०५ मिमी वर खूण करा: ३०० टाईलचे, २ सांध्याचे, ३ फरशीलगतच्या फटीचे. ही खूण पाण्याच्या नळीने चारही भिंतींवर फिरवा. नळीत बुडबुडा राहिला किंवा दुसऱ्या टोकावर कोणाचा अंगठा राहिला, तर लेव्हल खोटी येते. नळी भरल्यावर दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका पातळीत दिसते का ते आधी बघा. मग खुणेवर सुताने रेघ मारा आणि अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी तिची वरची कड रेघेला लावून ठोका. लाकडी रीप ओलीने वाकते, ती नको.

त्याआधी गिलावा तपासा. सहा फुटी पट्टी भिंतीला उभी, आडवी, तिरपी लावा. खाली सूतभर (३ मिमी) पेक्षा जास्त फट दिसली, तर गिलावा दुरुस्त करून घ्या. तो खड्डा चिकटवायच्या मसाल्याने भरू नये, जाड थर वाळताना आकसतो आणि टाईल आत ओढतो. जुना रंग, पीओपी किंवा नीरू (चुन्याचा गुळगुळीत थर) असेल तर खरवडून काढावाच लागतो.

उभी मांडणी आकडे मांडून ठरवा. १३०० मिमी भिंतीच्या मध्यावर सांधा घेतला, तर दोन अख्ख्या टाईल्स बसतात, पण दोन्ही टोकांना ४७ मिमीच्या चिंध्या उरतात. टाईलचाच मध्य भिंतीच्या मध्यावर घेतला, तर टोकांना ३४८ मिमीचे तुकडे येतात. ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) सोडून उभी रेघ मारा आणि पहिली टाईल तिला धरून लावा.

सिमेंटच्या गिलाव्यावर सिरॅमिक टाईलला आय. एस. १५४७७ या भारतीय मानकाचा टाइप १ अ‍ॅडेसिव्ह (चिकटवायचा मसाला) चालतो, व्हिट्रिफाइडला टाइप २ घ्या. पाणी पिशवीवर लिहिले असेल तेवढेच. सिमेंटवर लावताना टाईल भिजवायची सवय असते, इथे भिजवू नका. मागची धूळ मात्र पुसा. ६ मिमी खाचेच्या थापीने भिंतीवर एकाच दिशेत आडव्या रेघा ओढा, एका वेळी दोन-तीन टाईल्सपुरत्याच. बोट लावल्यावर मसाला चिकटला नाही, तर साय धरली आहे, खरवडून टाका. मसाल्याचे पाच गोळे लावून टाईल दाबायची पद्धत वेगवान खरी, पण कोपरे पोकळ राहतात आणि नळासाठी ड्रिल लागले की तिथेच तडा जातो.

प्रत्येक सांध्यात २ मिमी स्पेसर, दर ओळीला पाणसळ, दर तिसऱ्या ओळीला ओळंबा. ओळीमागे १ मिमी चूक सोडली, की सातव्या ओळीला ती ७ मिमी होते आणि छताजवळचा तुकडा पाचरीसारखा कापावा लागतो. ६०० मिमीची टाईल मध्ये थोडी फुगीर असू शकते. विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावली तर फुगीर मध्यासमोर शेजारणीची कड येते आणि ओठ (एका टाईलची कड दुसरीपेक्षा पुढे आलेली) दिसतो. एक तृतीयांशच सरकवा. क्लिप-पाचरी (शेजारच्या टाईल्स एका पातळीत आवळणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा) हा ओठ कमी करतात, पण भिंत ओळंब्यात आणत नाहीत. जास्त आवळल्या, तर टाईल मसाल्यापासून सुटते.

पट्टी २४ तासांनी काढा. फरशी झाली, की खालच्या ओळीच्या टाईल्स एकेक माप घेऊन उतारानुसार कापा. वर दिलेल्या मापात जाळीपाशी अख्खी ३००, दाराकडे सुमारे २७७ मिमी. फरशीलगतच्या ३ मिमी फटीत ग्राउट (सांधे भरायचा मसाला) नको, सिलिकॉन भरा.