मुरगळलेल्या घोट्याची सूज शरीराच्या पद्धतीने उतरू द्यावी

सिंहगडावरून आतकरवाडीच्या वाटेने उतरताना घोटा मुरगळला, की पाहता पाहता तो फुगतो, गरम लागतो आणि ठणकू लागतो. ही सूज नुसती विरून जाते असे आपण धरून चालतो; प्रत्यक्षात शरीर ती स्निग्धाम्लांपासून घडवलेल्या रेणूंकरवी उतरवते, आणि घरगुती उपचार करताना या कामात अडथळा येणार नाही एवढे पाहावे.

इजा होताच पेशींच्या पटलातून ॲराकिडोनिक आम्ल हे स्निग्धाम्ल सुटते. त्यापासून बनणारी प्रोस्टाग्लँडिने रक्तवाहिन्या रुंदावतात, तर ल्युकोट्राइने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना तेथे बोलावून आणतात. गंमत अशी, की याच प्रोस्टाग्लँडिनांपैकी काही पुढे न्यूट्रोफिलांना लिपॉक्सिन तयार करायला लावतात, म्हणजे दाह पेटवणाराच तो विझवण्याची तजवीज करून ठेवतो. लिपॉक्सिने १९८४ साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत चार्ल्स सेर्हान आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या कामातून पुढे आली. माशांच्या तेलातील ओमेगा-३ आम्लांपासून बनणारी रिझॉल्व्हिने सेर्हान यांच्याच गटाने नंतर शोधली. हे रेणू नवीन न्यूट्रोफिलांची आवक थांबवतात आणि मॅक्रोफेज पेशींना मेलेले न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करायला लावतात.

म्हणून पहिले एक-दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवावा, क्रेप बँडेज बोटे बधिर होणार नाहीत इतपतच आवळावे आणि दुखणे सोसेल तसतसा घोटा हळूहळू हलवू लागावे.

गोळ्यांबाबत मात्र घाई नको. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखतात, त्यामुळे दुखणे कमी होते. पण अशा औषधांनी दाह शमण्याचा टप्पा लांबू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. याचा अर्थ कळा सोसत बसावे असा नव्हे. गरजेपुरती गोळी घ्यावी, ‘सूज लवकर जावी’ म्हणून दिवसेंदिवस घेत राहू नये. ॲस्पिरिनची तऱ्हा वेगळी आहे, कारण ते प्रोस्टाग्लँडिने बनवणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइमांपैकी) एकाला, कॉक्स-२ ला, पूर्ण बंद न पाडता वळण देते आणि त्यातून लिपॉक्सिनाचाच एक प्रकार तयार होतो. तरीही ते मनाने सुरू करू नये आणि हृदयासाठी चालू असेल तर मनाने थांबवू नये. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा अंगात ताप असताना यांपैकी कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आहारात बांगडा किंवा तारली असावी. शाकाहारी घरांत जवसाची चटणी चांगलीच, परंतु तिच्यातील ओमेगा-३ चे रिझॉल्व्हिनांना लागणाऱ्या आम्लांत रूपांतर फारच थोडे होते. शैवालापासून काढलेल्या तेलात ती आम्ले तयार मिळतात. ती पेशींच्या पटलात साठायला आठवडे लागत असल्याने आज खाल्लेल्या बांगड्याने उद्याची सूज उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यास तीव्र कळ येत असेल, तर वाट न पाहता एक्स-रे काढून घ्यावा.