रिकामा रकाना शून्य नसतो: एसक्यूएलमध्ये नल हाताळताना

समजा, रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याने गाड्यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये ठेवल्या आहेत आणि त्यांतून माहिती काढायला तो एसक्यूएल ही भाषा वापरतो. तीन गाड्यांची वजने 90, 100 आणि 110 क्विंटल आहेत. चौथी गाडी भरून रवाना झाली, पण वजनकाट्याची चिठ्ठी अजून हाती आलेली नसल्याने तिच्या वजनाच्या रकान्यात नल, म्हणजे ‘मूल्य माहीत नाही’ अशी खूण, आहे. माल आहे, फक्त वजन माहीत नाही.

ही गाडी शोधण्यासाठी ‘व्हेअर वजन = नल’ असे लिहिले, तर एकही ओळ मिळत नाही आणि बहुतेक डेटाबेस चूक झाल्याचेही सांगत नाहीत. नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरे किंवा खोटे नसून ‘अज्ञात’ असते, आणि ओळी निवडणारे व्हेअर केवळ अट खरी ठरलेल्या ओळी ठेवते. म्हणून ‘वजन इज नल’ असेच लिहावे. ‘वजन <> 100’ (100 नसलेली वजने) या अटीतूनही चौथी गाडी गळते. ती हवी असल्यास ‘ऑर वजन इज नल’ जोडावे लागते.

सरासरी काढणारे एव्हीजी नल वगळून 100 क्विंटल देते. ‘एव्हीजी(कोअलेस(वजन, 0))’ लिहिल्यास कोअलेस नलच्या जागी 0 धरते आणि सरासरी 75 होते; हा आकडा सरळसरळ खोटा आहे. काउंट(*) सगळ्या ओळी मोजून 4 देते, काउंट(वजन) नल वगळून 3. माझ्या मते सरासरीशेजारी हे दोन्ही आकडे छापलेच पाहिजेत. सगळीच वजने नल असतील तर बेरीज करणारे सम नल देते. तेव्हा शून्य दाखवायचे असल्यास कोअलेस समच्या बाहेर लावावे.

सर्वांत घातक ठरते ते नॉट इन, म्हणजे ‘या यादीत नसलेले’ ही अट. ज्यांना केळीचे पैसे मिळालेले नाहीत असे शेतकरी शोधताना ‘नॉट इन (सिलेक्ट शेतकरी_क्रमांक फ्रॉम देयके)’ लिहिले आणि देयकांतील, म्हणजे दिलेल्या पैशांच्या नोंदींतील, एकाच ओळीत शेतकरी क्रमांक नल असला, तर यादी पूर्ण रिकामी येते. तो नल कोणाचाही क्रमांक असू शकतो, म्हणून ‘हा शेतकरी यादीत नाही’ हे विधान कोणाहीबाबत खरे ठरत नाही. पैसे अडकलेले असूनही सर्वांचा हिशेब चुकता झाल्यासारखे दिसते, आणि ज्याच्या घरी ते पैसे पोहोचायचे आहेत त्याच्यासाठी ही चूक लहान नाही. येथे नॉट एक्झिस्ट्स वापरावे; ते त्या शेतकऱ्याशी जुळणारी ओळ नाही ना, एवढेच पाहते. शिवाय देयकांच्या तक्त्यात शेतकरी क्रमांकावर नॉट नल (नल चालणार नाही) हे बंधन घालावे. वजनावर मात्र ते घालू नये, नाहीतर चिठ्ठी येण्याआधी नोंद करणारा माणूस तिथे शून्य टाकून मोकळा होईल.